कोपऱ्यात उभा राहिलेला पाय : सॉकेटची सव्वातीनशे वर्षं

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी, या भागाचं हे लिखित रूप.

आजचा विषय आहे कृत्रिम पाय. हा शब्द काढला की आपल्याकडे दोन गोष्टी पटकन आठवतात. एक म्हणजे जयपूर फूट. दुसरी म्हणजे सुधा चंद्रन. तुम्हाला त्या टीव्ही मालिकांमधल्या खलनायिका म्हणून माहीत असतील, पण तुमच्या आईला विचारा. १९८१ मध्ये अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला. जयपूर फूट बसवून त्या पुन्हा भरतनाट्यम करायला उभ्या राहिल्या आणि ‘नाचे मयूरी’ या सिनेमात त्यांनी स्वतःच्याच आयुष्यावरची भूमिका केली.

या दोन्ही आठवणींत आपलं लक्ष पावलाकडे जातं. पण गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसाशी निवांत बोलून बघा. पावलाची तक्रार तो क्वचितच करेल. त्याची तक्रार असते वरच्या टोकाची. "नडगीला टोचतो." "घासून साल निघतं." "सकाळी घट्ट बसतो, दुपारी गळल्यासारखा होतो." हे वरचं टोक म्हणजे सॉकेट. गुडघ्याखाली जो भाग उरतो त्याला दवाखान्यात सगळे स्टंप म्हणतात, आणि तो स्टंप ज्या पेल्यासारख्या भागात बसतो, तो सॉकेट. पाऊल कितीही भारी असू दे, सॉकेट लागत असेल तर तो पाय घराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा राहतो आणि माणूस पुन्हा कुबड्या उचलतो.

म्हणून आज पावलाचा इतिहास बाजूला ठेवू आणि या पेल्याचा बघू. तो एकाच प्रश्नाभोवती फिरतो : शरीराचं वजन नेमकं कुठे टेकवायचं?

आधी प्रश्न समजून घेऊ. आपल्या तळपायाची कातडी जाड असते, तिच्याखाली चरबीची गादी असते. ती वजन घेण्यासाठीच बनलेली आहे. नडगीवरची कातडी तशी नाही. आत्ता बोटाने चाचपून बघा, कातडीखाली थेट हाड लागतं. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला, एक छोटं गोल हाड हाताला लागेल. त्याच्या मानेला वळसा घालून एक महत्त्वाची नस जाते. तिथे सतत दाब पडला तर नस दुखावते. आता साठ किलोच्या माणसाचं अख्खं वजन, तेही दिवसातून हजारो वेळा, या नाजूक भागावर टाकायचंय. शाळेत शिकलेलं सूत्र आठवा : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. बल कमी करता येत नाही. मग क्षेत्रफळ वाढवा, किंवा जो भाग सोसू शकतो त्याच्यावर जास्त भार द्या. पुढची सगळी गोष्ट या दोन वाटांची आहे.

सुरुवात करू १६९६ पासून. पीटर व्हर्डाइन नावाच्या डच सर्जनने गुडघ्याखालच्या पायासाठी एक रचना केली. त्याआधी अशा माणसाला बहुतेक वेळा गुडघा दुमडून, त्या दुमडलेल्या गुडघ्यावर टेकून लाकडी खुंटावर चालावं लागायचं. म्हणजे चांगला गुडघा असूनही तो वाया. व्हर्डाइनने गुडघा मोकळा ठेवला. खाली तांब्याचा सॉकेट, वर मांडीला आवळून बांधायचा चामड्याचा पट्टा आणि दोघांना जोडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्या. स्टंप एकटा वजन पेलू शकत नाही ना, मग काही भार मांडीवर घ्या. कल्पना हुशार होती. इतकी, की तिचंच सुधारलेलं रूप विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर चालत राहिलं.

पण त्याची किंमत होती. मांडी वर्षानुवर्षं आवळून ठेवली की तिचे स्नायू वाळत जातात. आपला गुडघा वाकताना नुसता दारासारखा फिरत नाही, तो थोडा घसरतोही. लोखंडी बिजागरी मात्र एकाच खिळ्याभोवती फिरते. त्यामुळे प्रत्येक पावलाला स्टंप सॉकेटमध्ये वरखाली व्हायचा, पंपातल्या दट्ट्यासारखा. जिथे वरखाली तिथे घासणं, आणि जिथे घासणं तिथे फोड.

सॉकेटही तेव्हा लाकूड आतून कोरून बनवायचे. बाटलीच्या तोंडात बूच बसावं तसा स्टंप त्यात वरच्या बाजूला घट्ट बसायचा, आणि त्याचं खालचं टोक आत मोकळं लोंबकळत राहायचं. टोकाला टेकू नको, दुखेल, असा साधा विचार. पण वर आवळलेलं आणि खाली मोकळं असलं की काय होतं? बोटाला दोरा गुंडाळून बघा. रक्त आत येतं, परत जायला वाट मिळत नाही. टोकाला सूज येते, कातडी काळपट पडते, जाड आणि खरखरीत होते.

एकोणिसाव्या शतकात युद्धांनी या धंद्याला जोर दिला. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६१ मध्ये जेम्स हँगर नावाच्या अठरा वर्षांच्या पोराचा पाय तोफगोळ्याने गेला. त्याने पिंपाच्या लाकडी फळ्यांपासून स्वतःसाठी पाय बनवला आणि पुढे त्याचीच कंपनी काढली. पेटंटं निघाली, गुडघ्याचे सांधे सुधारले, घोटे हलायला लागले. जाहिरातीत दाखवता येईल असं सगळं सुधारलं. सॉकेट मात्र कारागिराच्या हातावर राहिला : कोरा, घालून बघा, लागतंय तिथे अजून कोरा.

आता येऊ १९४४ सालात. या वर्षी दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन गोष्टी घडल्या.

पहिली आपल्या पुण्यात. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर सुरू झालं. ते आजही आहे.

दुसरी कॅलिफोर्नियात. बर्कले विद्यापीठात हॉवर्ड एबरहार्ट नावाचे सिव्हिल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. विमानाच्या धावपट्टीवर चाकांचा भार किती पडतो, याच्या चाचण्या ते घेत होते. त्या कामातच अपघात झाला, पाय चिरडला आणि गुडघ्याखालून कापावा लागला. जमिनीवर पडणारा भार मोजणारा माणूस आता तोच भार स्वतःच्या स्टंपवर सोसत होता.

एबरहार्टनी हे प्रकरण इंजिनिअरच्या नजरेने बघायला घेतलं. त्याच सुमारास महायुद्धातून पाय गमावून परतलेले सैनिक आपल्याला मिळालेल्या पायांवर जाम वैतागले होते. सैन्याच्या विनंतीवरून अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने १९४५ मध्ये संशोधनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. बर्कलेत एबरहार्ट आणि हाडांचे सर्जन व्हर्न इनमन यांनी आधी धडधाकट माणूस मुळात चालतो कसा, हेच मोजायला सुरुवात केली. हाडं नेमकी किती वळतात हे कळावं म्हणून स्वयंसेवकांच्या हाडांत पिना बसवून त्यांना चालवलं आणि त्याचं चित्रीकरण केलं. हो, खऱ्या हाडांत, खऱ्या पिना.

या प्रयोगशाळेतून १९५०च्या दशकाच्या शेवटी जो सॉकेट बाहेर आला, त्याने खेळ बदलला. चार्ल्स रॅडक्लिफ आणि जेम्स फूर्ट ही त्यामागची दोन नावं. १९६१ मध्ये त्यांनी त्याची कृती पुस्तिकेत लिहून काढली. नाव होतं पटेलर टेंडन बेअरिंग, म्हणजेच पीटीबी.

गुडघ्याच्या वाटीच्या अगदी खाली अंगठा दाबा. वाटी आणि नडगीचं हाड यांना जोडणारी जाड दोरीसारखी कंडरा लागेल. ती दाब सोसते. नडगीच्या वरच्या टोकाचा आतल्या बाजूचा पसरट भागही सोसतो. नडगीची धार, तिचं कापलेलं टोक आणि ते बाहेरचं गोल हाड मात्र सोसत नाही. पीटीबीचं सूत्र असं, की जे सोसतं तिथे दाबा, जे सोसत नाही तिथे जागा सोडा, आणि टोकासकट स्टंप सगळीकडून सॉकेटला हलका टेकलेला ठेवा, म्हणजे सूज येणार नाही. मांडीचा पट्टा नको, बिजागऱ्या नकोत. जवळजवळ अडीचशे वर्षांचं ते चामडं बहुतेकांच्या मांडीवरून उतरलं. नाव एका कंडरेचं असलं तरी सगळं वजन एकट्या तिच्यावर टाकायचं नसतं, हेही लक्षात ठेवा. तसा गैरसमज आजही होतो.

बनवायची रीत ऐका, कारण ती आजही जगभर वापरतात. स्टंपवर पातळ मोजा चढवायचा. त्यावर खास पेन्सिलीने हाडांच्या खुणा करायच्या. वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि ते घट्ट होईपर्यंत दोन्ही अंगठे वाटीखाली दाबून धरायचे. प्लास्टर काढलं की पेन्सिलीच्या खुणा आतल्या बाजूला उमटलेल्या असतात. त्यात पुन्हा प्लास्टर ओतून स्टंपची हुबेहूब मूर्ती तयार करायची. मग खरी कला सुरू होते. जिथे दाब हवा तिथून मूर्ती कानशीने घासायची, जिथे जागा हवी तिथे प्लास्टरचा थर चढवायचा. या बदललेल्या मूर्तीवर प्लॅस्टिकचा सॉकेट बनतो. म्हणजे तुमचा सॉकेट तुमच्या स्टंपच्या मापाचा नसतोच. तो एका माणसाने विचारपूर्वक बदललेल्या मापाचा असतो. कुठे किती मिलिमीटर घासायचं, हे त्या माणसाच्या बोटांत असतं.

हाच पीटीबीचा मोठेपणा आणि हीच त्याची मर्यादा. दोन तज्ज्ञांनी एकाच स्टंपवर बनवलेले दोन सॉकेट सारखे निघत नाहीत.

म्हणून १९६०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात सर्जन जॉर्ज मर्डोक यांनी दुसरी वाट धरली. हाताने दाबायचंच नाही. स्टंपला प्लास्टर लावायचं आणि द्रवाच्या दाबात धरायचं. द्रव सगळीकडून सारखाच दाबतो, त्यामुळे मांस आपोआप नीट बसतं. पहिल्या वाटेत ‘कुठे सोसतं ते शोधा’ असं होतं, या वाटेत ‘सगळीकडे सारखं वाटून द्या’.

या दुसऱ्या वाटेला खरा जोर आला तो आइसलँडमधून. ओसुर क्रिस्टिन्सन हे कृत्रिम पाय बनवणारे आणि स्वतःही कृत्रिम पाय वापरणारे. १९८६ मध्ये त्यांनी सिलिकॉनचा एक मोजा बाजारात आणला. उलटा करून स्टंपच्या टोकाला लावायचा आणि वर गुंडाळत न्यायचा. तो कातडीला चिकटून बसतो, दाब पसरवतो आणि घासणं स्वतः झेलतो. त्याच्या टोकाची पिन सॉकेटच्या तळाशी खट्‌कन अडकते. ज्याला दिवसभर चालायचं होतं त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. पण हा मोजा महाग असतो, झिजतो, पुन्हा घ्यावा लागतो, आणि कोकणातल्या मे महिन्यात त्याच्या आत घामाचं काय होतं याची कल्पना तुम्हीच करा.

आता माझ्या धंद्याकडे येतो. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे पुढचा प्रश्न मला लोक हमखास विचारतात : "अरे, फोनने स्कॅन करा, थ्रीडी प्रिंट करा, विषय संपला!" गंमत म्हणजे ही कल्पना फोनपेक्षा खूप जुनी आहे. पीटीबीवाले जेम्स फूर्ट आठवतात ना? तेच फूर्ट पुढे कॅनडात व्हँकुव्हरला गेले आणि १९८०च्या दशकात तिथल्या त्यांच्या गटाने संगणकावर सॉकेट बनवायला घेतले. कानशीने घासायचं ते स्क्रीनवर, कोरायचं ते यंत्राने. ज्याने ही हातकला पुस्तिकेत लिहून काढली, त्यालाच ती सॉफ्टवेअरमध्ये टाकाविशी वाटली. मला तरी हे फार आवडलं.

याचा फायदा खरा आहे. माप जपून ठेवता येतं, चुकलं तर मागे जाता येतं, पुढच्या वेळी त्याच फाइलपासून सुरुवात करता येते. पण स्कॅनला फक्त पृष्ठभाग दिसतो. खाली मऊ मांस आहे की हाड, कुठे दाबलं तर माणूस कळवळतो, हे अंगठ्याला कळतं, कॅमेऱ्याला कळत नाही. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे स्टंप एका मापाचा राहतच नाही.

माझे एक मामा आहेत, सांगली जिल्ह्यात. मधुमेहात त्यांचा पाय गेला. एका शिबिरात त्यांना एका दिवसात पाय मिळाला, फोटो निघाले, मामा चालत घरी आले. चार महिन्यांनी तो पाय ढिला पडला. यात नवल काहीच नाही. ऑपरेशननंतर सूज उतरते, स्नायू आटतात, आणि पहिल्या वर्षभरात स्टंप बराच बारीक होतो. पण हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि शिबिर तर कधीच पुढच्या गावी गेलं होतं. मामांनी सॉकेटमध्ये जुन्या बनियनचा बोळा कोंबला, बोळ्याची सुरकुती रुतून जखम झाली आणि पाय कोपऱ्यात गेला. मधुमेहात जखम म्हणजे साधी गोष्ट नाही, मांडीपर्यंत जाऊ शकते. पुढे त्यांना दुसरीकडे नवा सॉकेट मिळाला. आता त्यांच्या खिशात नेहमी एक जास्तीचा मोजा असतो. सकाळी एक मोजा, दुपारी शेतावरून येईपर्यंत दोन, कारण दिवसभरातसुद्धा स्टंप आकसतो. मामांच्या भाषेत, "पाय रोज वेगळा असतो रे बाबा."

हे वाक्य डोक्यात ठेवून जयपूरकडे बघू. १९६८च्या सुमारास तिथल्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचं जे पाऊल बनवलं, ते अस्सल भारतीय होतं. अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात उतरता येतं. परदेशी पावलाला बूट लागायचा, याला लागत नव्हता. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय असंख्य लोकांपर्यंत फुकट पोहोचवला. हे काम किती मोठं आहे, हे वेगळं सांगायला नको.

सॉकेटची बाजू मात्र साधी होती. सुरुवातीला भांडी ठोकणाऱ्यासारखे कारागीर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून पोटरी आणि सॉकेट बनवायचे, खालून मोकळा. नंतर शेतात पाण्यासाठी असतो तसा प्लॅस्टिकचा पाइप आला. तो भट्टीत तापवून प्लास्टरच्या मूर्तीवर ओढायचा, की काही तासांत पाय तयार. स्वस्त, हलका, झटपट. हा वेग नसता तर लाखो लोकांना काहीच मिळालं नसतं. पण वेगाने पाय देता येतो, वेगाने फिटिंग टिकवता येत नाही. फिटिंग म्हणजे पुन्हा पुन्हा परत येणं.

सगळा इतिहास एका ओळीत आणायचा तर मी असं म्हणेन : चामड्यापासून सिलिकॉनपर्यंत वस्तू बदलत गेली, पण सॉकेट खरा सुधारला तो घालणाऱ्याच्या "लागतंय" या शब्दाला माहिती मानलं तेव्हा. एबरहार्टना आणि क्रिस्टिन्सनना ते दुसऱ्याकडून ऐकावं लागलं नाही, त्यांचं स्वतःचंच शरीर सांगत होतं. आपल्याकडे "लागतंय" म्हटलं की उत्तर येतं, "होईल सवय." नव्या सॉकेटची थोडी सवय व्हावी लागते, खरंय. पण जखमेची सवय होत नसते.

म्हणून जाता जाता कामाच्या चार गोष्टी. तुमच्या घरात, गल्लीत कोणाचा पाय कोपऱ्यात उभा असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

सॉकेट काढल्यावर कातडीवर थोडी लाली दिसणारच. ती दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक. तशीच राहिली, किंवा हाडाच्या टोकावर दिसली, तर सॉकेट बघायला दाखवा.

मधुमेह असेल तर रोज रात्री आरसा धरून स्टंपचं टोक बघा. संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे दुखलं नाही म्हणजे जखम नाही असं समजू नका.

सैल वाटला तर चिंध्या कोंबू नका. स्टंपसाठीचे मोजे मिळतात, सुरकुती न पाडता घाला. तीन-चार मोजे घालूनही ढिला असेल तर सॉकेट बदलायची वेळ झाली.

आणि पाय कुठूनही घ्या, फुकट किंवा विकत, घेतानाच विचारा : "सहा महिन्यांनी ढिला झाला तर मी कुठे यायचं?" पत्ता मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर तो प्रश्न शिबिर लावणाऱ्यांना, गावच्या पुढाऱ्यांना विचारत राहा. पाय वाटपाच्या बॅनरवर एकच तारीख असते. तिच्याखाली दुसरी, परत यायची तारीख छापून घ्या.

तुमच्या घरात असा अनुभव असेल तर मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, मंडळी.